मात्रा अल्प, पण कोणत्या यंत्राची?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा मंडळाचा निरोप आला की मी बहुधा लसीकरणावर किंवा बालआहारावर चार पाने लिहून देते. या वर्षी विषय वेगळा निवडला आहे. दंतवैद्यकातील क्ष-किरण यंत्रांची सुरक्षितता आणि निगा यांविषयी एका बालरोगतज्ज्ञाने का लिहावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडेल. त्याचे उत्तर एवढेच, की दंतवैद्याच्या खुर्चीत बसणारे मूल आधी किंवा नंतर माझ्यासमोरही बसलेले असते, आणि त्याची आई मला प्रश्न विचारते. त्यांतील एका प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. प्रस्तुत लेखाचा उगम त्यातच आहे.

माझे माहेर धारचे. सासर आणि व्यवसाय दोन्ही देवासला. महिन्यातून एकदा धारला जाते तेव्हा तिथे काही रुग्ण तपासते. गेल्या उन्हाळ्यात धार जिल्ह्यातील एका खेड्यातून नऊ वर्षांची मुलगी आली. ताप, सुजलेला गाल, आणि हसली तेव्हा दिसलेले पिवळट-तपकिरी डागांचे दात. धार आणि झाबुआ या पट्ट्यातील भूजलात फ्लोराइड अधिक आहे, हे इथल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नसावे, असे भारतीय मानक सांगते. परंतु कूपनलिकेला मानक वाचता येत नाही. अशा दातांवर वरवर पाहून कीड ओळखणे कठीण जाते, आणि म्हणून आपल्या भागातील मुलांना दातांच्या क्ष-किरण चित्राची गरज वारंवार पडते. हा विषय आपल्या घरचा आहे तो असा.

मुलीच्या आईने पिशवीतून दातांची सहा छोटी छायाचित्रे काढून टेबलावर मांडली. सहाही एकाच दाढेची. पहिली चार इतकी फिकट की त्यांत काही ओळखू येत नव्हते. पाचवे बरे होते, सहावे वाचण्याजोगे होते. आईने विचारले, "एका दाढेसाठी सहा वेळा फोटो का काढला? याचा पोरीला काही त्रास तर नाही ना होणार?"

मी तिला धीर दिला. पण 'का काढला' याचे उत्तर मजजवळ नव्हते. संध्याकाळी त्या दंतवैद्यांना दूरध्वनी केला. दवाखाना कोणता हे सांगण्याचे प्रयोजन नाही. तो आपल्यापैकी कोणाचाही असू शकला असता. गृहस्थ प्रांजळ होते. फिल्म धुण्याचे रसायन जुने झाले होते, त्यात मे महिन्याची उष्णता. चित्र फिकट येते म्हणून त्यांनी प्रत्येक वेळी टायमर थोडा वाढवला होता. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, मशीन तर व्यवस्थित चालू आहे."

'चालू आहे' आणि 'ठीक आहे' या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण धरून चालतो. माझा सारा आक्षेप या एका समजुतीवर आहे.

प्रथम भीतीचा भाग दूर करू. दातांच्या एका लहान चित्रातून मिळणारी क्ष-किरणांची मात्रा खरोखरच अल्प असते, सर्वसाधारणपणे काही मायक्रोसिव्हर्ट. जमीन, आकाश, अन्न आणि हवा यांतून जगातल्या माणसाला सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास किरणोत्सर्ग मिळतच असतो. म्हणजे एक चित्र काढणे म्हणजे या पृथ्वीवर एखादा दिवस अधिक राहण्यासारखे आहे. समाजातील काही मंडळी विचारतात, की दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली घडले तसे दंतवैद्याच्या यंत्रातून घडेल काय? नाही. तिथे विद्यापीठातील एका जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० भंगारात गेले होते आणि त्यात एका कामगाराचा मृत्यू झाला. कोबाल्ट हा किरणोत्सर्गी पदार्थ आहे. त्याला बटण नसते. क्ष-किरण यंत्र विजेवर चालते आणि बटण सोडताच त्यातील किरण थांबतात. तेव्हा आवश्यक असलेले दातांचे चित्र कोणत्याही पालकाने भीतीपोटी नाकारू नये. दाढेखाली साठलेला पू हा त्या चित्रापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

मग तक्रार कशाची? तक्रार ही, की 'मात्रा अल्प असते' हे वाक्य सर्व यंत्रांना सारखे लागू नाही. जे यंत्र, जी फिल्म आणि जी पद्धत मानकानुसार आहे, त्यांच्यापुरतेच ते खरे आहे. २००८ साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात लुडलो आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली मोजमापे या दृष्टीने फार बोलकी आहेत. पूर्ण तोंडाच्या चित्रमालिकेसाठी शीघ्र फिल्म व आयताकृती किरणझोत वापरला तर मात्रा सुमारे ३५ मायक्रोसिव्हर्ट आली. तीच फिल्म ठेवून झोत गोल केला तेव्हा ती १७१ झाली. गोल झोताला जुनी, मंद डी-जातीची फिल्म जोडली तेव्हा ३८८. तपासणी एकच, आणि मात्रेत अकरा पट फरक. एकीकडे नैसर्गिक किरणोत्सर्गाचे पाच दिवस, दुसरीकडे जवळजवळ दोन महिने. आणि ही मोजमापे प्रयोगशाळेतील सुस्थितीतल्या यंत्रांची आहेत. त्यांत शिळे रसायन, ढिला पडलेला यंत्राचा हात, चुकणारा टायमर आणि पुन्हापुन्हा काढलेली चित्रे धरलेली नाहीत.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे, हे आमच्या शाखेचे पहिले सूत्र. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने २०१३ च्या अहवालात कर्करोगांच्या प्रकारांचा आढावा घेतला. त्यांतील सुमारे पाव प्रकारांत मुले प्रौढांहून अधिक संवेदनशील असल्याचे तिने नोंदवले. रक्ताचा कर्करोग, मेंदू आणि थायरॉइड यांचा त्यात समावेश आहे. थायरॉइड ग्रंथी मुलाच्या जबड्यापासून चार बोटांवर असते. शिवाय त्याच्यापुढे सारे आयुष्य पडलेले असते, आणि त्या आयुष्यात अशी अनेक चित्रे निघायची असतात. एका चित्राचा हिशेब क्षुद्र वाटतो. सवयीचा हिशेब क्षुद्र नसतो.

या शास्त्राचा इतिहासही हेच सांगतो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच जानेवारीत जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या ओटो वाल्कहोफ यांनी दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना पंचवीस मिनिटे किरणांपुढे राहावे लागले. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स हे या तंत्राचे अग्रणी. त्या काळी नळी नीट जुळली आहे की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर स्वतःचाच हात किरणांत धरीत. केल्स यांची आधी बोटे गेली, मग हात गेला. असह्य वेदनांनी ग्रासलेल्या त्या माणसाने १९२८ साली आपले जीवन संपवले. त्याच वर्षी स्टॉकहोमच्या परिषदेत क्ष-किरणांपासून संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीच नळीला शिशाचे आवरण घाला आणि झोत हवा तेवढाच ठेवा असे लिहून ठेवले होते. त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही. ज्ञान उपलब्ध होते. ते वापरण्याची शिस्त नव्हती. आज तरी यापेक्षा निराळे काय आहे?

आपल्या देशात शिस्तीची चौकट आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, १९८३ साली स्थापन झाले. २००४ साली किरणोत्सर्ग संरक्षण नियम आले आणि २०१६ साली वैद्यकीय क्ष-किरण यंत्रांची सुरक्षा संहिता सुधारून प्रसिद्ध झाली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला आणि त्यात या नियामक मंडळाला वैधानिक दर्जा देण्याची तरतूद केली. संहितेचे सार सामान्य वाचकालाही समजेल असे आहे: यंत्र मान्यताप्राप्त प्रकारचे असावे, त्याची नोंद असावी, त्याची गुणवत्ता-चाचणी किमान दोन वर्षांतून एकदा आणि प्रत्येक महत्त्वाच्या दुरुस्तीनंतर व्हावी, आणि ते चालवणारा माणूस शिकलेला असावा. परंतु चौकट असणे आणि तिच्यात चित्र बसणे या भिन्न गोष्टी आहेत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१२ च्या अहवालाने दाखवून दिले, की देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी केवळ ५,२७० नोंदणीकृत होती. उरलेली ९० टक्क्यांहून अधिक केंद्रे नियामकाच्या दृष्टीआड होती. त्यानंतर 'ई-लोरा' या संगणकीय व्यवस्थेमुळे घरबसल्या अर्ज करता येऊ लागला आणि नोंदणी पुष्कळ वाढली, हे आनंदाने नमूद केले पाहिजे. मात्र कागद भिंतीवर लागला की यंत्र सुधारते असे नाही.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. अन्यथा दंतवैद्य मित्रांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. माझ्या छोट्या रुग्णालयात अनेक वर्षे एक जुने क्ष-किरण यंत्र होते. झोत कुठे आणि किती पडणार हे दाखवणारा त्यातील दिवा एकदा गेला. तंत्रज्ञाने मला तीनदा सांगितले. 'पुढच्या महिन्यात पाहू,' असे मी तीनदा म्हटले. दिवा नसल्यामुळे छाती सुटू नये म्हणून तो झोत पूर्ण उघडा ठेवी. परिणामी अपुऱ्या दिवसांच्या बाळांची छातीची चित्रे कवटीपासून मांड्यांपर्यंत निघत राहिली आणि मी ती खिडकीच्या उजेडात धरून फुप्फुसे तेवढी पाहत राहिले. सात-आठ महिने हे चालले. त्याच अवधीत प्रतीक्षा-कक्षातील वातानुकूलन यंत्र एकदा बिघडले, ते त्याच दिवशी दुरुस्त झाले. लोकांना उकडलेले दिसत होते. बाळांवर पडणारे किरण कोणालाच दिसत नव्हते. त्या बाळांना काही अपाय झाला असेल असे मला वाटत नाही. पण मला तसे वाटते, यावरच ते सारे अवलंबून होते, ही गोष्ट आजही बोचते.

आता दंतवैद्यकातील दृश्य आणि अदृश्य यांविषयी. रुग्णाला सुरक्षितता कशात दिसते? शिशाच्या ऍप्रनमध्ये. ऍप्रन घातला की पालक निश्चिंत होतात आणि डॉक्टरही. परंतु २०२४ च्या आरंभी अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञांनी दातांच्या नेहमीच्या चित्रांसाठी ऍप्रन आणि थायरॉइडचा पट्टा यांचा सरसकट वापर थांबवण्याची शिफारस केली. ही बातमी वाचून काहींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला ती शिफारस वेगळ्या अंगाने महत्त्वाची वाटते. तिच्यामागील तर्क असा, की झोत आयताकृती व आटोपशीर असेल, ग्राहक शीघ्र असेल आणि चित्र पहिल्याच वेळी नीट निघाले, तर ऍप्रनने अडवण्यासारखे फारसे काही उरत नाही. उलट आड आलेला पट्टा चित्र बिघडवून पुन्हा काढायला लावू शकतो. म्हणजे संरक्षणाची जागा ऍप्रन नव्हे, यंत्र आहे. ज्याने यंत्राची निगा राखली त्याने ऍप्रनविषयी बोलावे. ज्याचे यंत्र कधी तपासले गेलेले नाही त्याने या शिफारशीचा आधार घेऊ नये. आपल्याकडे नियामक जे सांगतो ते पाळावे, आणि मुलांच्या बाबतीत तर हात आखडता घेऊ नये, असे माझे मत आहे.

निगा म्हणजे तरी काय? त्यात गूढ काही नाही. झोताचे तोंड सहा सेंटिमीटरहून रुंद नसावे; शक्य तिथे आयताकृती जोड लावावा, त्याने मात्रा निम्म्याहून अधिक घटते. नळीचे आवरण गळके नसावे. यंत्राचा हात जिथे ठेवला तिथे स्थिर राहावा. तो घसरतो म्हणून मदतनीस धरून उभा राहत असेल, तर तो मदतनीस केल्स यांच्याच वाटेने चालला आहे. मुलाच्या तोंडातील फिल्म कर्मचाऱ्याने बोटाने धरू नये, धारक वापरावा. बटणाची तार पुरेशी लांब असावी आणि चालवणाऱ्याने किमान दोन मीटर अंतरावर किंवा आडोशामागे उभे राहावे. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाई होते. रसायनाच्या ट्रेमध्ये तापमापक असावा. हाताने फिल्म धुण्याचे रसायन २० अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम काम करते, आणि माळव्यातल्या मे महिन्यात ते आपोआप तिथे राहत नाही. ऍप्रन घडी करून ठेवल्यास आतील शिसे भेगाळते; तो टांगावा. डिजिटल सेन्सर घेतला म्हणजे प्रश्न मिटला असेही नव्हे. तिथे चित्र पुन्हा काढणे इतके सोपे होते, की फिल्म वाया गेल्याची टोचणीही उरत नाही.

सर्वांत जपून राहायचे ते हातात धरायच्या स्वस्त यंत्रांपासून. २०१२ साली ब्रिटनमधील नियामक संस्थेने इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या अशा एका यंत्राविरुद्ध दंतवैद्यांना सावध केले होते. त्याच्या नळीभोवती पुरेसे शिसेच नव्हते. एईआरबीची मान्यता नसलेले यंत्र कितीही स्वस्त पडले तरी घेऊ नये. तसेच जुने यंत्र विकताना किंवा मोडीत काढताना नियामकाला कळवावे. नाहीतर ते आडगावच्या दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा सुरू होते.

या सर्वांवर दंतवैद्य मित्रांचा एक आक्षेप असतो, आणि तो खरा आहे. छोट्या गावातला एकटा दंतवैद्य भाडे, हप्ते आणि औषधांची उधारी सांभाळताना तपासनीस संस्थेचा खर्च व तिच्या माणसाचा प्रवासखर्च कोठून करणार? एकट्याने करू नये, असे माझे उत्तर आहे. धार आणि देवास यांच्या मध्ये इंदूर आहे. तेथील राजा रामण्णा केंद्रात देशातील सिंक्रोट्रॉन यंत्रे क्ष-किरणांच्या संशोधनासाठी चालतात. पिथमपूरचे कारखाने धार जिल्ह्यात आहेत, नोटा छापणारा कारखाना देवासला आहे. यंत्राची देखभाल ठरल्या दिवशी करायची असते, बिघडल्यावर नव्हे, हे या दोन्ही जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांना रोजच्या भाकरीमुळे ठाऊक आहे. ते एका दवाखान्यालाच काय ते कळू नये?

म्हणून मंडळासमोर तीन सूचना ठेवते. पहिली, एईआरबीने अधिकृत केलेल्या तपासनीस संस्थेला मंडळाच्या वतीने दोन वर्षांतून एकदा पाचारण करावे आणि दोन्ही शहरांतील दंतवैद्यांची यंत्रे सलग दोन-तीन दिवसांत तपासून घ्यावीत. खर्च वाटला जाईल आणि संकोचही. दुसरी, प्रत्येक यंत्राजवळ एक वही टांगावी. पुन्हा काढलेले प्रत्येक चित्र आणि त्याचे कारण तीत लिहावे. महिनाअखेरीस वही उघडली की यंत्र स्वतःच आपले दुखणे सांगेल. तिसरी सूचना आम्हा बालरोगतज्ज्ञांसाठी: मुलाला दंतवैद्याकडे पाठवताना आधीची चित्रे सोबत द्यावीत, आणि चित्र का हवे हे चिठ्ठीत लिहावे. कारण लिहायला सुचत नसेल तर चित्र मागू नये.

आणि समाजातील पालकांनाही एक विनंती. दवाखान्यात ऍप्रन आहे का, एवढेच विचारू नका. 'डॉक्टरसाहेब, यंत्र शेवटचे कधी तपासले?' असे नम्रपणे विचारा. प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही. मला माझ्या काळात कोणी तो विचारला असता, तर तो दिवा त्याच आठवड्यात बदलला गेला असता.

त्या मुलीची दाढ बरी झाली. तिच्या दंतवैद्यांनी रसायन बदलले, तापमापक आणला आणि पुढच्या वेळी मी धारला गेले तेव्हा नवी वही दाखवायला स्वतः आले. पहिल्या पानावर तिच्याच सहा चित्रांची नोंद त्यांनी मागाहून करून ठेवली होती, कारणासह. तेव्हा त्या आईला जे उत्तर मी देऊ शकले नव्हते, ते आता त्या वहीत लिहिलेले आहे. आपल्या सर्वांच्या दवाखान्यांत अशी एकेक वही असावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून हा लेख संपवते.